देव भलं करो, प्रोफेसर

हिल्दानं मुलाचा खाणीतला सणाचा गणवेश शुक्रवारीच इस्त्री करून दाराला टांगून ठेवला होता. काळं कापड, एकोणतीस सोनेरी बटणं, आणि वर फळीवर पांढऱ्या तुऱ्याची टोपी. बटणं ती दरवर्षी मोजायची. जावयाच्या गणवेशाचीही मोजायची. तिथं एखादं कमी निघालं की तिचा सण जरा जास्त गोड व्हायचा.

खाणकामगारांची राखणदार संत बार्बारा, तिचा दिवस यंदा रविवारी आला. पहाटे खाणीचा बँड गल्लीतून वाजत गेला, चर्च आटोपलं, बारा वाजले, रस्सा उकळला, आणि बेर्नार्द आला तो तपकिरी कोटात. मागं त्याची बायको इवोना, हातात केकचा डबा.

बेर्नार्दनं गणवेशाकडे पाहिलं आणि नजर बाजूला घेतली. "आई, मी आता खाणीत नाही."

"मी काही विचारलं का? मी फक्त इस्त्री केली."

टेबलाच्या वरच्या टोकाला बाप बसला होता. अल्फोन्स विल्चोक, वय अठ्ठ्याहत्तर, तेहतीस वर्षं कोळसा फोडलेला माणूस, अंगात गणवेश, मांडीवर काळ्या तुऱ्याची टोपी. त्यानं मुलाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कोट चांगला आहे," तो म्हणाला. "मास्तरांना असलेच लागतात. बाहीनं फळा पुसला तरी कळत नाही."

विल्चोकांच्या घरात 'मास्तर' हा शब्द शिव्यांच्या खात्यात जमा होता. कुत्रं उगाच भुंकलं तर ते मास्तर, शेजारी न विचारता सल्ला द्यायला लागला तर तो मास्तर. बावीस वर्षांची खाणीतली मोजणीदारी सोडून बेर्नार्द सप्टेंबरात नदीपलीकडच्या माध्यमिक शाळेत भौतिकशास्त्र शिकवायला लागला, तेव्हापासून ती शिवी दर रविवारी घरी जेवायला येत होती. तिला कुठं बसवायचं हे कोणालाच कळत नव्हतं.

बाकीच्यांच्या जागा मात्र पक्क्या होत्या. खालचा कोळसा काढून काढून घर पूर्वेकडे कललं होतं. किती, ते बेर्नार्दनंच एकदा उपकरण लावून सांगितलं होतं, एकवीस सेंटिमीटर. टेबलावर संत्रं ठेवलं की ते आपोआप खिडकीकडच्या टोकाला निघायचं. त्या टोकाला इवोना बसे. ती सोस्नोविएत्सची, म्हणजे नदीच्या त्या अंगाची. नदी अशी की पोरं उडी मारून ओलांडतात. पण लग्नाला एकोणीस वर्षं होऊनही ती पुरती ओलांडून आली, असं या घरानं कधी मान्य केलं नव्हतं. जे घरंगळेल ते तिच्याकडे.

थोड्या वेळानं बेर्नार्दची थोरली बहीण रेनाता आली, नवरा गेरार्द आणि सोळा वर्षांची मातिल्दा यांना घेऊन. गेरार्द पाळीवरचा मुकादम. त्यानं आपली तुऱ्याची टोपी फळीवर बेर्नार्दच्या टोपीशेजारी ठेवली, बोटभर पुढे. हिल्दानं त्याच्या छातीवरची बटणं मोजली. एकोणतीस. तिनं निमूट रस्सा वाढायला घेतला.

"रस्सा संपायच्या आत सांगून टाकतो," गेरार्द म्हणाला. "बेर्नार्द, मोजणी खात्यात जागा सुटली आहे. तुझीच. तुझ्यामागं घेतलेला तो गडी लिफ्ट खाली निघाली की डोळे मिटून घेतो."

"मग मोजतो कसा?"

"तेच तर. साहेबांनी जागा उद्या दहापर्यंत धरून ठेवली आहे. दहाच्या आत तू फोन करायचास. नाहीतर त्यांच्याकडे दुसरा माणूस आहे."

रेनाता चमच्याकडे बघत होती. जागा 'धरून ठेवली' हे नवऱ्यानं सहज सांगितलं; ती धरायला काय लागलं ते तिला ठाऊक. साहेबांच्या घरी तीन खेपा, दोन खसखशीचे केक, आणि नातवाला पोवाडे गाण्याइतका सुंदर म्हणणं. नातू भोपळ्यासारखा होता. पण तिचा धाकटा भाऊ पोरासोरांसमोर खडू घेऊन उभा राहतो, हातात जूनपर्यंतचा एक करार आणि तोही काम पारखून पक्का व्हायचा, ही गोष्ट तिला चर्चच्या पायऱ्यांवर रोज ऐकावी लागत होती. गेल्या आठवड्यात तिनं इवोनाला फोन केला होता. इवोना म्हणाली होती, "मी मधे काही बोलणार नाही." या घरात याचा अर्थ 'हो' असा धरतात.

"दहाला मी वर्गात असेन," बेर्नार्द म्हणाला. "साडेनऊ ते सव्वादहा."

"मग नऊला कर. फोनच करायचा आहे, बोगदा नाही खणायचा."

"नऊला नाही करणार."

"म्हणजे साडेआठला?"

तेवढ्यात मातिल्दानं, जी बेर्नार्दच्याच शाळेत दुसऱ्या वर्षाला होती आणि शाळेतल्या गोष्टी घरी सहसा सांगत नसे, मान वर केली.

"मामा, उद्या तुमच्या तासाला मुख्याध्यापिका झ्मुदा बाई बसणार आहेत ना? त्या प्रार्थनेवरून?"

चमचे थांबले. इवोनानं नवऱ्याकडे पाहिलं.

"कसली प्रार्थना?" हिल्दानं विचारलं.

"तुम्हाला कोणालाच माहीत नाही? अख्ख्या शाळेत बाकी शिक्षकांना प्रोफेसर म्हणतात, मामाला मागून पाद्री."

गेरार्दनं तोंडावर रुमाल धरला. हसू की ठसका ते कळलं नाही. "पाद्री? हा? हा तर चर्चमधे शेवटच्या बाकावर झोपतो."

"बेर्नार्द," बाप म्हणाला, "पोरगी काय म्हणते?"

मग ते बाहेर आलं. एकदम नाही, या घरात काहीच एकदम बाहेर येत नाही. रस्सा गेला, मांसाची गुंडाळी रोलाद आली, लाल कोबी आला, अंगठ्यानं खळगा पाडलेले बटाट्याचे गोळे आले, आणि प्रत्येक ताटाबरोबर कोणीतरी एकेक प्रश्न पुढं सरकवत गेलं.

पहिल्या दिवशी बेर्नार्द पहिल्या वर्षाच्या वर्गात शिरला. एकतीस पोरं. दारातून आत जाताना त्याच्या तोंडातून जे बावीस वर्षं दारातून आत जाताना निघत आलं तेच निघालं. नमस्कार नाही, सुप्रभात नाही. 'देव भलं करो.'

"मग? त्यात काय?" गेरार्द म्हणाला. "माणूस माणसाला भेटला की दुसरं काय म्हणणार?"

"खाली, गेरार्द. जमिनीखाली. वर तसं फक्त पाद्री म्हणतात."

"तिकडेही खाणी होत्या की."

"या पोरांच्या आजोबांच्या वेळी. यांना वाटलं धर्माच्या तासाचे पाद्रीबाबा आले. एकतीसच्या एकतीस उठले आणि हात जोडून प्रार्थना म्हणायला लागले."

"आणि तू?"

"मीही उभा राहिलो. म्हटली त्यांच्याबरोबर."

"का?" हे रेनातानं विचारलं, राग विसरून.

"मला वाटलं शाळेची रीत असेल. आपण नाही का, खाली जायच्या आधी संत बार्बारापुढं उभे राहायचो. पाळी तशीच सुरू होते. मला वाटलं शाळाही तशीच सुरू होत असेल."

"पण तू भौतिकशास्त्र शिकवतोस हे त्यांना कळलं असेलच ना पाच मिनिटांत?"

"कळलं. त्यांना वाटलं माणूस धार्मिक दिसतो. दुसऱ्या दिवशी परत उठले. माझ्यासाठी. मी परत उभा राहिलो. त्यांच्यासाठी."

"किती दिवस?"

बेर्नार्दनं गोळ्याच्या खळग्यात रोलादीचा रस भरला आणि तो काठोकाठ आल्यावर थांबला. "सप्टेंबरपासून."

हिल्दानं बोटांवर मोजलं. तीन महिने. मग ती हसली, आणि ती हसते तेव्हा आवाज होत नाही, फक्त पदार्थ वाढायचा चमचा हलतो. कोबी मेजपोशावर पडला. मातिल्दा म्हणाली की मागच्या बाकावरचे तर मुद्दाम सावकाश म्हणायचे, तेवढाच तास कमी. गेरार्दनं रुमाल खाली ठेवला आणि उघडपणे हसला. एवढ्या हसण्यात इवोना एकटी गप्प होती.

"तक्रार कोणी केली?" तिनं विचारलं.

"एका मुलीच्या वडिलांनी. भौतिकशास्त्राचे शिक्षक मुलांकडून जबरदस्तीनं प्रार्थना करून घेतात, असं लिहून दिलं. झ्मुदा बाईंनी शुक्रवारी बोलावलं. म्हणाल्या, सोमवारी मी मागं बसून बघते, मग तुमच्या कराराचं ठरवू."

"शुक्रवारी," इवोना म्हणाली. "आज रविवार."

"सांगणार होतो."

"कधी? नोकरी गेल्यावर?" तिनं ताट बाजूला सारलं. "गेरार्द, ती जागा दहापर्यंतच का? साडेदहापर्यंत नाही धरता येणार?"

रेनातानं मान झटकन वर केली. खिडकीकडच्या टोकाकडून असा आधार येईल अशी तिला अपेक्षा नव्हती. आपले दोन केक वाया गेले नाहीत, असा तिनं मनातल्या मनात शेरा मारला. गेरार्दनंही संधी सोडली नाही.

"बघ, बायकोला कळतं. अरे, तू वर गेलास तरी खाण तुझ्या तोंडातून बोलते. ती शहाणी माणसं तुला पाद्री समजतात. आमच्यात ये, आम्ही तुला बेर्नार्द समजू. पगारही मास्तराचा नसेल."

"पगाराचं माहीत आहे मला."

"मग अडलं कुठं? तिथं तुला आवडतं तरी काय? खरंच विचारतो. मला उत्सुकता आहे."

आणि त्याला खरंच होती. गेरार्द टोचून बोलायचा, पण बावीस वर्षं एकाच लिफ्टमधून खाली गेलेला माणूस आपल्याला सोडून का गेला हे त्याला कोणी अजून सांगितलं नव्हतं.

"खाली मी मोजायचो," बेर्नार्द म्हणाला. "छत किती खाली आलं, घर किती कललं. आकडा काढून वहीत लिहायचा. आकडा बरोबर असायचा आणि तो कोणी विचारायचं नाही. गेल्या मंगळवारी एका पोरीनं विचारलं, जमिनीखाली तळघर थंड असतं, मग खाण गरम कशी? बावीस वर्षं मी त्या गरमीत घाम गाळला. मला वाटायचं, आहे गरम. वर्गात कोणी गप्प बसेना. घंटा झाली तरी."

"मग कशी?" हिल्दा म्हणाली.

"काय कशी?"

"गरम कशी? सांग की आता. यांचे शर्ट तेहतीस वर्षं मीच पिळले."

बेर्नार्दनं मिठाचं भांडं उचललं, एक संत्रं घेतलं, सुरी घेतली. साल म्हणजे वरची जमीन, आतला गर म्हणजे पृथ्वीचं तापलेलं पोट, सूर्याचा उन्हाळा-हिवाळा सालीत किती खोल पोचतो, हे सांगताना तो खुर्चीतून कधी उठला ते त्यालाही कळलं नाही. तो सांगत नव्हता, विचारत होता. "हिवाळ्यात तळघर कसं लागतं? बाहेरच्यापेक्षा?" "ऊबदार," हिल्दा म्हणाली. "आणि उन्हाळ्यात?" "थंड." "मग बदललं काय, तळघर की बाहेर?" गेरार्द म्हणाला, "थांब, थांब," आणि कपाळाला आठ्या घालून विचार करायला लागला.

इवोना बघत होती. एकोणीस वर्षं या माणसाला तिनं संध्याकाळी विचारलं होतं, दिवस कसा गेला? एकोणीस वर्षं उत्तर आलं होतं, ठीक. सप्टेंबरपासून मात्र जेवायला एकतीस पोरं घरी येत होती, नावागावासकट: कोण खोटं बोलतो, कोणाच्या वडिलांनी घर सोडलं, कोणाला अपूर्णांकाचं भय वाटतं. तिला त्या गर्दीचा वैताग आला होता. आता ती गर्दी उद्या दहानंतर येणार नाही असं मनाशी धरून पाहिलं, आणि ते स्वयंपाकघर तिला फार मोठं वाटलं. सोललेलं अर्धं संत्रं घरंगळत तिच्याकडे आलं. तिनं ते उचललं आणि टेबलाच्या वरच्या टोकापर्यंत चालत जाऊन सासऱ्यासमोर ठेवलं.

"बाबा, तुम्ही काहीच बोलला नाहीत."

अल्फोन्सनं संत्र्यावर हात ठेवला, ते परत निघू नये म्हणून.

"किबेल," तो म्हणाला.

रेनातानं डोळे वर केले. ती गोष्ट तिला पाठ होती. पण इवोनाला नव्हती. एकोणीस वर्षांत तिच्यापुढं ती कोणी सांगितली नव्हती, आणि सांगितली नव्हती ती तिच्यामुळंच.

"तिसरीत होतो," म्हातारा म्हणाला. "मास्तरीणबाई नदीपलीकडून आलेल्या. चित्र दाखवलं. विहिरीवर मुलगी, हातात बादली. विचारलं, मुलीच्या हातात काय आहे? मला येत होतं. पहिल्यांदाच मला काहीतरी येत होतं. हात वर केला. म्हटलं, किबेल."

नदीच्या या अंगाच्या बोलीत किबेल म्हणजे बादली. नदीपलीकडे किबेल म्हणजे संडास. इवोनानं ओठ दाबले.

"हस, हस. वर्गातली नदीपलीकडून आलेली पोरंही हसली. बाईंनी मला दाराबाहेर उभं केलं. नीट शब्द आठवेपर्यंत बाहेर, म्हणाल्या. जानेवारी होता. मला दुसरा शब्द माहीतच नव्हता, आठवणार काय? घंटा होईपर्यंत उभा होतो. मी काय वाईट बोललो ते मला सैन्यात गेल्यावर कळलं. अकरा वर्षांनी." त्यानं संत्रं हातात फिरवलं. "त्या बाईंनी एवढंच विचारायचं होतं, पोरा, तुमच्याकडे किबेल कशाला म्हणतात? एक प्रश्न. शाळा म्हणायची, आणि प्रश्न नाही."

म्हातारा मुलाकडे वळला.

"आता तू सांग, बेर्नार्द. त्यांनी तीन महिने प्रार्थना म्हटली. तू त्यांना विचारलंस का, बाबांनो, आपण हे का करतो?"

"नाही."

"त्यांनी तुला विचारलं?"

"नाही."

"आणि तू तिथं प्रश्न विचारायला शिकवतोस," बाप म्हणाला. "मास्तर."

शिवीच होती. पण यावेळी तो शब्द बेर्नार्दच्या कोटाबद्दल नव्हता, कामाबद्दल होता, आणि ते टेबलावर प्रत्येकानं ऐकलं.

बेर्नार्द अजून उभाच होता, हातात सुरी. त्यानं ती खाली ठेवली. "गेरार्द, त्या दुसऱ्या माणसाला घ्या."

"उद्या बाईंनी हाकललं तर?"

"तर हाकललं. दहा वाजता मी फोन करणार नाही. साडेआठलाही नाही."

"माझ्या दोन केकचं काय?" रेनाता म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. "त्या भोपळ्याला मी सुंदर म्हटलं, तुझ्यासाठी."

"कुठला भोपळा?" गेरार्दनं विचारलं.

हिल्दानं दाराला टांगलेला गणवेश काढला आणि कपाटात ठेवायला नेला. बटणं तिनं मोजली नाहीत.

सोमवारी अल्फोन्सनं सकाळपासून भिंतीवरच्या घड्याळाला पाठ केली होती, आणि दर पाच मिनिटांनी वळून बघत होता. साडेनऊ झाले. त्याच्या डोळ्यांसमोर एक वर्ग आला, पण त्याला वर्ग असा आतून आठवतच नव्हता. दारच आठवत होतं, तपकिरी, मूठ उंच. दहा वाजले. खाणीच्या ऑफिसात आता दुसऱ्याचं नाव लिहिलं जात असेल. सव्वादहा. हिल्दा बटाटे सोलत होती आणि एकच बटाटा फार वेळ सोलत होती.

दहा वीसला फोन वाजला.

"बाबा," बेर्नार्द म्हणाला. मागं पोरांचा कल्ला ऐकू येत होता.

"विचारलंस?"

"विचारलं. उठले सगळे, हात जोडले. मी म्हटलं, थांबा, आधी सांगा, आपण हे का करतो?"

"मग?"

"मागचा एक म्हणाला, प्रोफेसर, सुरुवात तुम्हीच केलीत."

अल्फोन्सच्या घशातून एक आवाज आला. हिल्दानं वळून पाहिलं. शाळेच्या गोष्टीवर तो हसल्याचं तिनं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

"मग मी त्यांना सगळं सांगितलं. खाली आपण तसं का म्हणतो ते. तिथं गेल्यावर 'सुप्रभात' का म्हणवत नाही ते. त्या तक्रारवाल्याच्या मुलीनं तर वडिलांना मीच समजावते म्हटलं. आणि बाबा, तुमची बादलीही सांगितली."

"माझी?"

"तुम्हाला न विचारता. माफ करा."

"आणि ती बाई? झ्मुदा?"

"मागं बसून लिहीत होत्या. तास संपल्यावर म्हणाल्या, कराराचं जूनमधे बघू, तक्रारीला उत्तर मी लिहिते. उद्यापासून मात्र नुसता नमस्कार. मग वही माझ्यापुढं धरली. म्हणाल्या, किबेल कसं लिहितात? आणि त्या गृहस्थांना विचारा, गुरुवारी वर्गात येतील का. पोरांना खाणीबद्दल त्यांनाच विचारायचं आहे. गरम कशी होती, ते."

अल्फोन्सचा दुसरा हात गणवेशाच्या बटणाकडे गेला, पण गणवेश कपाटात होता. हाताला लोकरीचा स्वेटर लागला.

"वर्गात?" त्यानं शेवटी विचारलं. "मग मला उभं राहावं लागेल?"

"हो," बेर्नार्द म्हणाला. "पण आत."